एबीएसचा फ्यूज काढून ट्रॅकवर जावं का?

कोल्हापूरच्या एका मित्राचा प्रश्न आहे. त्याच्याकडे रीमॅप केलेली, म्हणजे इंजिनचं सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवलेली, पोलो जीटी टीएसआय आहे आणि पुढच्या महिन्यात तो कोईमतूरच्या करी मोटर स्पीडवेवर ट्रॅक डेला, म्हणजे स्वतःची गाडी शर्यतीच्या ट्रॅकवर चालवायला, जाणार आहे. ग्रुपमधला एक जण त्याला सांगतो, एबीएसचा (जोरात ब्रेक मारला तरी चाकं जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा) फ्यूज काढून टाक, खरे ड्रायव्हर एबीएसशिवायच चालवतात, फेरारी एफ-४०सारख्या नावाजलेल्या सुपरकारमध्ये तरी कुठे होतं? दुसरा म्हणतो, असलं काही करू नकोस. कोणाचं ऐकावं? आणि जाता जाता शेवटी एक ओळ: पुढचं बेअरिंग बदलल्यापासून एबीएसचा दिवा अधूनमधून लागतो, त्याचं काय? त्या ओळीने माझे कान टवकारले, पण तिच्याकडे शेवटी येतो.

फ्यूज काढू नका. का, ते सांगतो, कारण हा सल्ला देणाऱ्या दहापैकी नऊ जणांना त्या फ्यूजवर नक्की काय काय चालतं ते ठाऊक नसतं.

ब्रेक मारला की गाडीचं नाक खाली जातं. वजन पुढच्या चाकांवर येतं, मागची चाकं हलकी होतात. हलक्या चाकाला पुढच्याइतकाच जोर लावला तर ते आधी जाम होणार. म्हणून जुन्या गाड्यांमध्ये मागच्या ब्रेकचा दाब रोखणारा एक व्हॉल्व्ह असायचा. काही गाड्यांत तो मागच्या अ‍ॅक्सलला दांडीने जोडलेला असे आणि माणसं, सामान भरलं की त्या हिशेबाने दाब वाढवी. आजकालच्या बहुतेक गाड्यांत तो व्हॉल्व्हच नाही. पुढे किती, मागे किती हा हिशेब ईबीडी नावाचं सॉफ्टवेअर करतं, आणि ते एबीएसच्याच डब्यात बसून एबीएसचेच व्हॉल्व्ह वापरतं. फ्यूज काढला की दोन्ही गेले. डॅशबोर्डवर एबीएसचा पिवळा दिवा एकटा लागला तर समजायचं, एबीएस गेलंय. त्याच्या जोडीला ब्रेकचा लाल दिवाही लागला तर ईबीडीसुद्धा गेलं. तुमचा मित्र तुम्हाला हा लाल दिवा लावून ट्रॅकवर जायला सांगतोय.

पुढची चाकं जाम झाली तर गाडी वळत नाही, पण सरळ तरी जाते. मागची आधी जाम झाली की शेपूट पुढे यायला बघतं. मी हे एकदा मुद्दाम करून पाहिलंय. पावसाने ओलं झालेलं मोकळं मैदान, छोटी हॅचबॅक, मागच्या सीटवर कोणी नाही, टाकी अर्धी. फ्यूज काढला, साठचा वेग घेतला आणि समोरच्या लाल प्लास्टिकच्या कोनावर नजर ठेवून ब्रेक दाबला. पुढच्या क्षणी तोच कोन मला डावीकडच्या खिडकीत दिसला, आणि गाडी थांबली तेव्हा आरशात. कोरड्या रस्त्यावर इतका तमाशा होईलच असं नाही. पण ट्रॅकवर तुम्ही साठने नसाल आणि बाजूला मोकळं मैदानही नसेल.

आता एबीएस करतं काय ते बघू, म्हणजे त्याचे खरे दोषही नीट कळतील.

टायरची सगळ्यात जास्त पकड चाक मोकळं फिरताना नसते आणि पूर्ण जाम झाल्यावरही नसते. ती मधे असते. गाडी शंभरने जात असताना चाक साधारण ८५ ते ९०च्या हिशेबाने फिरत असेल, म्हणजे दहा-पंधरा टक्के घसरत असेल, तेव्हा डांबरावर टायर सगळ्यात घट्ट धरतो. चांगला ड्रायव्हर पायाने हाच काठ शोधत असतो. एबीएसच्या डब्यात प्रत्येक चाकासाठी दोन व्हॉल्व्ह असतात: एक दाब अडवतो, दुसरा सोडतो. चाकाचा वेग अचानक कोसळला की पहिला बंद होतो. तेवढ्याने भागलं नाही तर दुसरा उघडून थोडं ऑईल मागे सोडतो, आणि पंप ते परत मास्टर सिलिंडरकडे ढकलतो. पायाखाली जी थरथर येते ती या पंपाची. सेकंदात दहा-पंधरा वेळा हे चालतं. शंभरच्या वेगाला गाडी सेकंदाच्या दहाव्या भागात पावणेतीन मीटर जाते. तेवढ्यात तुमचा पाय पेडलवरून धड उचललाही जात नाही.

आणि वेगापेक्षा मोठी गोष्ट वेगळीच आहे. तुमचा पाय एक, पेडल एक, चाकं चार. उजवीकडची चाकं कोरड्या डांबरावर आणि डावीकडची साइडपट्टीच्या ओल्या मातीवर असतील तर कितीही कसलेला ड्रायव्हर डाव्या चाकाला कमी आणि उजव्याला जास्त ब्रेक देऊ शकत नाही. तो सगळ्यांना कमी देतो किंवा डावी चाकं जाम करतो. एबीएस प्रत्येक चाकाला त्याच्या त्याच्या पकडीप्रमाणे देतं. जगातल्या कुठल्याही ड्रायव्हरच्या पायाला हे काम जमणारं नाही, मग तो फॉर्म्युला वनचा असो.

फॉर्म्युला वनचं नाव निघालंच आहे तर ते उदाहरणही निस्तरतो. 'एफ-वनमध्ये एबीएस नसतं' हे खरं, पण ते वाईट म्हणून नाही. १९९३च्या विल्यम्स एफडब्ल्यू-१५सीमध्ये एबीएस होतं. १९९४पासून नियमाने बंदी आली, ट्रॅक्शन कंट्रोल आणि अ‍ॅक्टिव्ह सस्पेन्शनच्या बरोबरीने. ड्रायव्हरचं कौशल्य दिसावं म्हणून एखादी गोष्ट बंद करावी लागते, यातच तिची ताकद कळते. याच्या उलट जीटी-३ शर्यती बघा, म्हणजे रस्त्यावरच्या स्पोर्ट्स गाड्यांवरून बनवलेल्या गाड्यांच्या शर्यती. तिथे एबीएसला परवानगी आहे, आणि हातात मुभा असताना व्यावसायिक ड्रायव्हर सहसा ते बंद करून बसत नाहीत. उलट त्या गाड्यांत एबीएसचा फिरवायचा खटका असतो, त्यावर दहा-बारा पायऱ्या. पाऊस पडला, टायर झिजले, की ड्रायव्हर पायरी बदलतो. म्हणजे तिथलं एबीएस त्या टायरला, त्या पॅडला, त्या दिवसाला जुळवून घेता येतं. तुमच्या-माझ्या गाडीतलं येत नाही. सगळी गोम इथेच आहे, पुढे तिच्याकडेच येतोय.

एफ-४० आणि मॅकलॅरन एफ-वन (नाव तसं असलं तरी ही रस्त्यावरची सुपरकार) या दोन्हींत एबीएस नव्हतं, आणि पायाचा जोर वाढवणारा ब्रेकचा बूस्टरसुद्धा नव्हता. पेडलमधून डिस्कची नस थेट कळावी हा हेतू, शिवाय त्या काळच्या एबीएसचे डबे जड आणि मंद असत. १९७८ साली बॉशचं इलेक्ट्रॉनिक एबीएस मर्सिडीजच्या एस-क्लासमध्ये आलं. त्याआधी १९६६च्या जेन्सन एफएफमध्ये डनलॉपची मॅक्सारेट पद्धत होती, मूळ विमानांच्या चाकांसाठी बनवलेली. ऐंशीच्या दशकातलं एबीएस आणि आजचं एबीएस यांची तुलना म्हणजे डायलचा फोन आणि मोबाईल. तेव्हा 'मी एबीएसपेक्षा लवकर थांबवतो' म्हणणारे काही जण खरंच थांबवत असतील. आज कोरड्या, सपाट डांबरावर तसं म्हणणाऱ्यांना मी टेप घेऊन मैदानात बोलावतो. फारसं कोणी येत नाही.

चार-सहा मीटरने काय फरक पडतो असं वाटत असेल तर एक हिशेब देतो. दोन गाड्या शंभरने येतायत. एक ४० मीटरमध्ये थांबते, दुसरीला ४६ लागतात. पहिली जिथे पूर्ण थांबली, तिथून दुसरी जाते तेव्हा तिचा वेग अजून ताशी ३६ किलोमीटर असतो. शेवटच्या सहा मीटरमध्ये एवढा वेग शिल्लक राहतो हे बहुतेकांना खरंच वाटत नाही. वेगाचा वर्ग असतो, दुसरं काय.

इतकं कौतुक झाल्यावर आता दोष. ते खरे आहेत आणि ट्रॅकवर नेणाऱ्याने ते जाणून असावेत.

सगळ्यात जुना दोष खडीचा. सुट्या खडीत, मुरमात चाक जाम झालं की ते पुढे ढीग गोळा करतं आणि तो ढीगच गाडी अडवतो. एबीएस चाक फिरतं ठेवतं, म्हणून ढीग होत नाही. अमेरिकेत १९९९ साली सरकारी संस्थेने घेतलेल्या चाचण्यांत सुट्या खडीवर एबीएसमुळे थांबायचं अंतर सरासरी २७ टक्क्यांनी वाढलेलं दिसलं. म्हणून रॅलीच्या गाड्यांमध्ये एबीएस ठेवत नाहीत. तिथे हँडब्रेकने शेपूट फिरवायचं असतं, डाव्या पायाने ब्रेक दाबत उजव्याने गॅस द्यायचा असतो, तिथे हा डबा मधे लुडबुड करतो. पावसाळ्यात वरंध किंवा आंबा घाटात दरड उपसल्यानंतर वळणावर जो मुरूम पसरलेला राहतो, तिथे तुमची एबीएसवाली गाडी अपेक्षेपेक्षा लांब जाणार. पण स्टीअरिंग वळवलं तर वळेल. दरीच्या बाजूला असाल तर मी लांब जाणारी पण वळणारी गाडी घेईन.

ट्रॅकवर मात्र खडीपेक्षा वेगळाच प्रकार नडतो. ब्रेकिंगच्या जागी एखादा उंचवटा असतो किंवा डांबराची लाट असते. तुम्ही पूर्ण जोराने ब्रेकवर आहात, पुढचं चाक क्षणभर हलकं होतं, आणि दाब पूर्ण असल्यामुळे ते तत्काळ थांबतं. डब्याला वाटतं, बर्फ आला! तो दाब एकदम खाली आणतो आणि पुन्हा वाढवायला बिचकतो. तुम्हाला जाणवतं ते असं: पेडल लाकडासारखं कडक, आणि गाडी थांबायचं नाव घेत नाही. परदेशातले ट्रॅकवाले याला 'आइस मोड' म्हणतात. माणूस घाबरून आणखी जोर लावतो, उपयोग शून्य. अशा वेळी पाय क्षणभर सैल करून पुन्हा दाबायचा, म्हणजे डबा नव्याने हिशेब करतो. समोर टायरची भिंत दिसत असताना पाय उचलायचा, हे सांगायला सोपं आहे. म्हणून मूळ सवयच बदलायची: ट्रॅकवर ब्रेकवर लाथ मारायची नाही, पिळल्यासारखा दाबायचा. आधी थोडा, नाक खाली बसू द्यायचं, मग सगळा जोर. वजन पुढच्या चाकावर पोचायच्या आत दाब पोचला तर एबीएस उगाच जागं होतं.

रस्त्यावर याच्या नेमकं उलट. समोर म्हैस आली तर लाथच मारायची, पूर्ण जोराने, आणि थरथर आली म्हणून पाय काढायचा नाही. माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या लोकांनी आयुष्यात एकदाही एबीएस चालू होताना अनुभवलेलं नसतं. पहिल्यांदा थरथरलं की त्यांना वाटतं काहीतरी तुटलं, आणि पाय वर येतो. ट्रॅकवर जायच्या आधी एखाद्या मोकळ्या जागी, मागे कोणी नाही बघून, चाळीस-पन्नासवरून दहा-बारा वेळा हे करा. पायाला ती थरथर ओळखीची झाली पाहिजे.

आता ती गोम. कंपनी एबीएस बसवते ते एका ठरावीक टायरला, पॅडला, कॅलिपरला (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाला) धरून. किती दाब सोडला तर चाक किती लवकर सुटतं, परत किती दिला तर किती लवकर धरतं, हे सगळं त्या सामानावर मोजून डब्यात भरलेलं असतं. तुम्ही पुढे शर्यतीचे पॅड घातले, जे स्पर्श होताच चावतात, तर डब्याच्या हिशेबापेक्षा चाक लवकर जाम होतं आणि एबीएस दर वळणाला कडकडतं. मोठे कॅलिपर घातले तर ते भरायला जास्त ऑईल लागतं. डबा पूर्वीइतकंच देतो, दाब हळू चढतो. पुढे एका घेराचे आणि मागे दुसऱ्या घेराचे टायर घातले तर डब्याला एक जोडी कायम घसरतेय असं वाटू शकतं. मी पाहिलेल्या 'या गाडीचं एबीएस भिकार आहे' अशा तक्रारींत बहुतेक वेळा एबीएस ठीक होतं, मालकाने त्याच्याखालचं सामान बदललेलं होतं.

रीमॅपवर पैसे घातलेत, आता ब्रेकवर घाला, पण शहाणपणाने. करीचा ट्रॅक २.१ किलोमीटरचा आहे, म्हणजे ब्रेकला थंड व्हायला उसंत फार नाही, आणि तुमच्या पोलोला मागे ड्रमच आहेत. पहिला खर्च ब्रेक ऑईलचा. साधं डॉट-४ दर्जाचं ऑईल नवं असताना किमान २३० अंशांना उकळतं. पाणी शोषलं की ही मर्यादा १५५पर्यंत उतरते, आणि कोल्हापूरच्या दोन पावसाळ्यांत ते पाणी शोषतंच. उकळलं की बुडबुडे होतात, पेडल थेट खाली जातं, आणि त्या वेळी एबीएस असलं काय, नसलं काय. मोटुलचं आरबीएफ ६०० नवं असताना ३१२ अंशांपर्यंत टिकतं. ते घाला आणि ट्रॅकच्या मोसमात दरवर्षी बदला. सिलिकोनचं डॉट-५ मात्र एबीएसच्या गाडीत चुकूनही नको. नाव सारखं दिसतं म्हणून ते डॉट-५.१ समजून आणणारे भेटतात. आणि हवा काढताना डब्यात हवा शिरली असेल तर नुसतं पेडल मारून ती निघत नाही, स्कॅनर लावून पंप आणि व्हॉल्व्ह चालवावे लागतात. पॅड रस्ता आणि ट्रॅक दोन्हीला चालतील असे मधले घ्या. टायर चारही एकाच मापाचे आणि एकाच जातीचे.

एबीएसशिवाय शिकण्यात काही फायदा आहे का? आहे, आणि तो मी नाकारणार नाही. माझी ट्रॅकची स्वतःची गाडी जुनी एस्टीम आहे, तिच्यात एबीएस नाही. चाक जाम व्हायच्या आधी स्टीअरिंग कसं हलकं पडतं, टायर कसा गुणगुणतो, हे मी तिच्यावर शिकलो. फी म्हणून दोन टायर गेले: एकदा चाक जाम करून घसरलात की टायरवर सपाट चट्टा पडतो आणि मग गाडी रिकाम्या बैलगाडीसारखी धडधडत जाते. पण ती गाडी मुळात एबीएसशिवायच बनलेली आहे, मागच्या ब्रेकचा व्हॉल्व्ह तिच्यात जागेवर आहे. असं शिकायचं तर अशा गाडीवर किंवा गो-कार्टवर शिका. कार्टिंगचा ट्रॅक तर तुमच्या कोल्हापुरातच आहे. चाकणला बनणाऱ्या केटीएम ३९० ड्यूक या मोटरसायकलमध्ये सुपरमोटो मोड असतो, त्यात मागच्या चाकाचं एबीएस बंद होतं, पुढचं चालूच राहतं. काय बंद करायचं आणि काय नाही, हे इंजिनिअरने विचार करून ठरवलंय. फ्यूज उपसण्यात तो विचार नसतो.

एक तोटा यंत्राचा नाही, माणसाचा. म्युनिकमध्ये टॅक्सींवर एक अभ्यास झाला होता: काही गाड्यांना एबीएस, काहींना नाही, बाकी सगळं सारखं. अपघात फारसे कमी झाले नाहीत, कारण एबीएसवाले ड्रायव्हर जास्त जोरात हाणू लागले. ट्रॅकवर हेच होतं. प्रत्येक वळणावर थरथर येईपर्यंत दाबायची सवय लागते, ब्रेकिंग दर फेरीला थोडं उशिरा होत जातं, आणि ऑईल तापलं की एके फेरीला हिशेब चुकतो. पूर्ण सेशनमध्ये एबीएस दोन-तीनदाच आलं तर तुम्ही नीट चालवताय. दर वळणाला येत असेल तर दहा मीटर आधी ब्रेक धरा. फेरीची वेळ बहुधा कमीच होईल.

आता तो दिवा. बेअरिंग बदलल्यानंतर लागायला लागला म्हणालात, म्हणजे सेन्सर बदलत बसू नका. आजकाल बऱ्याच गाड्यांत बेअरिंगच्या एका बाजूच्या सीलमध्येच चुंबकाची पट्टी असते, आणि सेन्सर तिच्यावरून चाकाचा वेग मोजतो. दोन्ही बाजू जवळपास सारख्या दिसतात. साताऱ्याचे एक गृहस्थ माझ्याकडे आले तेव्हा दुसरीकडे त्यांचे तीन सेन्सर बदलून झाले होते. मी बेअरिंगच्या सेन्सरकडच्या तोंडाला साधी कागदाची पिन लावली, ती खाली पडली. बेअरिंग उलटं दाबलेलं होतं. पट्टीची बाजू असती तर पिन चिकटली असती. उलटं असेल तर दिवा गाडी निघताच लागतो आणि जात नाही. तुमचा अधूनमधून लागतो, म्हणून माझा पहिला संशय वायरवर आहे, दुसरा पट्टीवर: दाबताना तिला टोला बसून तडा गेला असेल किंवा लोखंडाचा चुरा चिकटला असेल.

स्कॅनर लावून चारही चाकांचे वेग एकत्र बघत वीस-तीसने गाडी चालवायला सांगा, एक जण शेजारी बसून आकडे बघेल. स्टीअरिंग पूर्ण वळवल्यावर एक आकडा शून्यावर पडतो का, ते पाहा. पडला तर वायर ताणली जातेय किंवा टायरला घासतेय. आणि सिग्नलला थांबता थांबता, दहाच्या खालच्या वेगात, विनाकारण पेडल थरथरतं का तेही आठवून बघा. थरथरत असेल तर एका चाकाचा आकडा बाकीच्यांच्या आधी मरतोय आणि डबा त्याला घसरण समजतोय. ट्रॅक डेची फी भरायच्या आधी हे करून घ्या. दिवा लागलेला असतो तेव्हा तुमच्या गाडीचं एबीएस तसंही बंदच असतं.